डाव्या हाताचे वेढे

६ जानेवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि.

शाळेतलं एवढंच डोक्यात राहिलंय, म्हणून आधी ते लिहून टाकलं. पत्र बघून तू हसशील. फोन असताना ह्या शहाण्याला कागद कशाला सुचला? पण फोनवर तू 'हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय' एवढंच म्हणतोस, आणि मला तर तुझा आवाज चांगला खणखणीत येत असतो. आईला दे म्हटलं की ती झोपलेली असते. सकाळी झोपलेली, भर दुपारी झोपलेली, संध्याकाळी दिवे लागले तरी झोपलेली. ऑपरेशन डोळ्याचं झालं होतं ना रे? असो. कागद तुटत नाही, म्हणून लिहितोय.

माझं बरं चाललंय. खोलीत आम्ही तिघं. एक सुतार आहे, तो घोरतो. एक वेल्डर आहे, तो सुतार घोरतो म्हणून शिव्या देत जागा राहतो. मी मधल्या खाटेवर. खिडकीतून धक्क्यावरच्या सगळ्या डोलकाठ्या दिसतात. वारा सुटला की त्यांचे दोर काठीवर आपटून टणटण वाजतात. नव्या माणसाला झोप लागत नाही, मला त्याशिवाय लागत नाही.

इथं डोलकाठीच्या शेंड्यावरची सगळी कामं माझ्याकडे आली आहेत. दिवा, अँटेना, वाऱ्याचा काटा, कप्पी अडकली तर कप्पी. खाली दोर ओढायच्या विंचवर दोर धरायला एक आडदांड माणूस दिलाय. त्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तो तोंडातून शब्द काढत नाही. पण मी वर असलो की त्याची नजर माझ्यावरून हलत नाही. तरी मी आता दुसरा दोर कमरेला लावूनच वर जातो. आपल्याकडे असताना एकच दोर असायचा आणि तो तुझ्या हातात. दुसऱ्याची कधी आठवणही झाली नाही.

गुडघ्याला थोडं लागलंय. काही विशेष नाही, आईला सांगू नकोस.

एक विचारायचं होतं. एका काठीला तीनरंगी दिवा बसवायचा आहे, तोही काठी लाकडी घोड्यांवर आडवी पडलेली असताना. मी जन्मभर उभ्या काठीवर चढून काम केलंय, आडवीवरचं नेहमी तूच करायचास. आडव्या काठीची पुढची बाजू कुठली, हे नक्की कसं ओळखायचं? एवढे दिवे बसवलेस तू, तुझ्याइतकं कुणाला ठाऊक. सविस्तर लिही, घाई करू नकोस.

चिंगीला पापा. वहिनींना नमस्कार.

तुझा,
धाकटा


२१ जानेवारी

दादा,

पत्र मिळालं. तू लिहिलंस, 'सोपं आहे. शिडाची खाच काठीच्या मागच्या अंगाला असते. काठी ठेवताना ती नेहमी खाली ठेवतात, म्हणजे वर दिसते ती पुढची बाजू. पण त्या भरवशावर राहू नकोस. रंगाऱ्यांनी दुसरी बाजू रंगवायला काठी पालथी केली असेल तर खाच वर येते, आणि आत रंग जाऊ नये म्हणून तिच्यावर त्यांचा कागद चिकटवलेला असतो. कागद फाडून बघ, मगच भोक पाड.'

रंगारी कुठून आले, दादा?

माझ्या पत्रात रंगारी नव्हते. कागद नव्हता. काठी पालथी केल्याचं मी कुठं म्हटलं नव्हतं. पाकीट बंद करायच्या आधी मी ते पत्र वेल्डरला वाचून दाखवलं होतं. म्हटलं, ह्यात कुठं रंगाचं नाव आहे का बघ. तो म्हणाला, 'नाही बाबा. का?' म्हटलं, उत्तर येऊ दे.

तुझं उत्तर त्यालाही वाचून दाखवलं. तो एवढा बोलभांड माणूस, पण नुसता उठला आणि मला चहा आणून दिला.

आता मी तुला सांगतो. पांढरी बोट आमच्या धक्क्याला लागून बरेच दिवस झाले. हो, तीच. जिचा दिवा, अँटेना आणि काटा तू त्या दिवशी एकट्यानं बसवलास. कुठला तरी दांडगा समुद्रपक्षी शेंड्यावर येऊन बसला, अँटेना मोडली आणि काटा वाकडा झाला, म्हणून मालक दुरुस्तीला इथं आले. मी वर चढताना बसायचा झुला खांद्यावर टाकून निघालो तर समोर ओळखीचा माणूस! परमुलखात आपल्याकडचं कुत्रं दिसलं तरी जीव सुपाएवढा होतो. मी पोरासारखा धावत गेलो.

'काका, ओळखलंत का?'

त्यांनी ओळखलं. म्हणाले, 'अच्छा. म्हणजे इथं लपलायस होय.'

मला वाटलं चेष्टा करतायत. मी हसलो. दादा, मी हसलो रे तिथं उभा राहून. मग ते आमच्या मिस्त्रींकडे वळले. 'दुसरा माणूस द्या. ह्याला माझ्या काठीला हात लावू देऊ नका. ह्यानं दिवा उलटा बसवला, त्यापायी एका गरीब माणसाची हाताची बोटं गेली. विचारायला गेले तर हा पळून गेलेला.'

सगळं यार्ड बघत होतं. सुतार रंधा हातात धरून उभा. मी 'नाही' एवढंसुद्धा म्हणालो नाही, कारण काय नाही म्हणायचं तेच मला माहीत नव्हतं. मला तर तू सांगितलं होतंस की जाळेवाल्या मामांची होडी बिनदिव्याची आली आणि पांढऱ्या बोटीवर आदळली. 'आपला त्यात काही संबंध नाही,' असं म्हणाला होतास. आठवतं? हात धुताना म्हणालास, माझ्याकडे पाठ करून.

तुला कळतंच, तरी एकदा कागदावर लिहितो, म्हणजे तुलाही डोळ्यांनी दिसेल. तीनरंगी दिव्याचा लाल आणि हिरवा पुढं असतो, पांढरा मागं. समोरच्याला पांढरा दिसला की तो समजतो, बोट पाठमोरी आहे, लांब चालली आहे. मामांना पांढरा दिसला. ते निवांत आपली होडी हाकत राहिले, आणि ती बोट तर त्यांच्या अंगावर येत होती. शेवटी दोन्हींच्या मध्ये त्यांनी हात घातला. कुणीही घालतो. माणूस आपली होडी वाचवायला हातच पुढं करतो.

अँटेनाला पुढं-मागं नसतं. काटा कसाही बसवला तरी फिरून वाऱ्याकडेच तोंड करतो. चूक व्हायला जागा होती ती फक्त दिव्यात, आणि तिथंच ती झाली. त्या दिवशी मी कुठं होतो हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? आईच्या उशाशी होतो. तिच्या डोळ्यांवर पट्टी होती आणि तिनं माझं मनगट सोडलं नव्हतं. तू संध्याकाळी आलास. आई म्हणाली, 'थोरल्या, तुझ्या अंगाला रंगाचा वास येतोय.' तू म्हणालास, 'रंगाऱ्यांच्यात उभा होतो.' आपण तिघंही हसलो, की डोळे झाकले तर बाईचं नाक तिखट झालं.

आणि मग अपघात झाल्यावर दुसऱ्याच दिवशी तुझं सुरू झालं. लांबच्या यार्डात माणूस हवाय. अशी संधी पुन्हा येत नाही. आजच गाडी पकड, सामान मागाहून पाठवतो. मी म्हटलं, एवढी घाई कसली? तू म्हणालास, 'अरे, तू वर चढणारा माणूस, इथं माझ्या दोराला किती दिवस लटकणार?' गाडी हलायला लागल्यावर खिडकीतून तुझा स्वतःचा झुला आत दिलास. 'माझ्या अंगाचा आहे, तुझ्याही अंगाला बसेल.' मी बाहीत तोंड खुपसून रडलो. शेजारच्या बाईनं मला पाणी दिलं. ती म्हणाली, भाऊ असावा तर असा.

मी पळालो नव्हतो. तू मला गाडीत बसवलंस आणि आपल्या यार्डातल्या मुकादमाकडे जाऊन सांगितलंस की दिवा धाकट्यानं बसवला आणि पळाला.

मालकांकडून बाकीचंही कळलं. मामा अजून रोज आपल्या दारावरून जातात, हात खिशात घालून. ज्यांनी मला पाण्यात फेकून पोहायला शिकवलं तेच मामा. आई दारात उभी असली तर आत जाते, तिला त्यांच्याकडे बघवत नाही. ती झोपलेली नसते, दादा. तिला माझ्याशी बोलायचं नसतं.

दोनच गोष्टी कर. आईला खरं सांग आणि मामांना खरं सांग. मुकादमाला सांगायचं की नाही ते तुझं तू बघ.

धाकटा


९ फेब्रुवारी

दादा,

एवढं लांब पत्र तू जन्मात कधी लिहिलं नसशील. जपून ठेवलंय. त्यात तू सगळं लिहिलंस. नोकरी जाईल, चिंगीची शाळा आहे, वहिनींची तब्येत आहे, लोक काय म्हणतील. मी एकटा जीव, मला काय, कुठंही पोट भरेल. आईला आता सांगितलं तर तिला धक्का बसेल. हळूहळू लोक विसरतील. शेवटी लिहिलंस की मी तिकडं सुखातच आहे.

सगळं आहे. 'चुकलं' एवढं मात्र नाही. पान उलटून मागच्या बाजूलाही बघितलं.

तुझ्या दिव्याचा मला राग नाही, हे आधी लिहितो. जिथं काठी नेहमी एकाच बाजूनं ठेवतात तिथं कुणीही फसेल. वर्षानुवर्षं वरची बाजू ती पुढची, असं हाताला वळण पडलेलं, त्यात खाचेवर कागद, त्यात क्रेन सकाळी यायची म्हणून घाई. मी असतो तरी असाच बसवला असता. आपल्यात हे कुणालाही होऊ शकतं.

आणि तू मला विचारलं असतंस ना. मोरीपाशी नेऊन नुसतं म्हणाला असतास, 'धाकट्या, मला पोरगी आहे, तुझं नाव सांगू का?' तर मी काय म्हणालो असतो तुला माहीत आहे. मी म्हणालो असतो, सांग. आईशपथ म्हणालो असतो. मामांच्या पाया पडलो असतो आणि मग गाडीत बसलो असतो. लोकांनी थुंकलं असतं तरी मला आतून माहीत असतं की हे मी दिलंय. तू ते मला देऊ दिलं नाहीस. न मागता उचललंस. वर झुला दिलास, आणि मला तुझे उपकार मानायला लावलेस. कितीतरी दिवस मी त्या झुल्यात बसून वर जाताना मनात म्हणायचो, दादाचा आहे, तुटणार नाही.

गुडघ्याचं तेव्हा खोटं लिहिलं होतं. मालक सगळ्यांसमोर तसं बोलले त्याच दिवशी मी दुसऱ्या एका बोटीच्या काठीवर गेलो. मिस्त्री नको म्हणत होते. दुसरा दोर लावायचं भान नव्हतं. पाय सटकला आणि मी फिरून काठीवर आपटलो. गुडघा फुटला. खाली बघितलं तर रेडिओनं दोर अंगाभोवती घेतलेला आणि पाय रोवून उभा. त्यानं मला सावकाश खाली आणलं. मग पहिल्यांदा बोलला. म्हणाला, 'उद्या जा वर. आज नको.' बस. त्याला माझी काहीच माहिती नाही, मी कोण, चोर की साव. पण दोर हातात घेतला म्हणजे घेतला.

आता महत्त्वाचं.

मालक आठवडे झाले तरी दुसरा माणूस मागत होते आणि मिस्त्री म्हणत होते, माझ्याकडे वर जाणारा हा एकच आहे, नसेल चालत तर खुशाल काठी उतरवून घ्या. शेवटी मालक तयार झाले. अट अशी की ते स्वतः विंचपाशी खुर्ची टाकून बसणार. म्हटलं बसा. दुर्बीण पण आणा. त्यांनी खरंच आणली.

मी वर गेलो. शेंड्यावर तुझा दिवा होता. अपघातानंतर कुणीतरी तो सरळ केलाय, जुनी भोकं तशीच उघडी टाकलीयत, बुजवलीसुद्धा नाहीत, पाणी आत जात असणार. बाकीच्याला त्या माणसानं हात लावलेला नव्हता. अँटेनाची केबल जिथं जोडतात तिथं पाणी जाऊ नये म्हणून काळी पट्टी गुंडाळलेली होती. मला ती कापायचीच होती, नवी अँटेना लावायची म्हणजे जोड नवा करायला लागतो. सुरी लावली आणि थांबलो.

वेढे उलटे होते, दादा. सगळं जग उजव्या हातानं पट्टी गुंडाळतं, मीही. हे वेढे डावीकडून फिरलेले. आणि शेवटचं टोक दुमडून बारीक कान ठेवलेला, पुढच्या माणसाला सोडवायला नख लावावं लागू नये म्हणून. असा कान तुझ्याशिवाय कुणी ठेवत नाही. मला शिकवायचा प्रयत्न केला होतास, मला कंटाळा यायचा. तू म्हणायचास, 'आपल्यानंतर येणाऱ्याचा विचार करावा.'

मी किती वेळ तसाच बसलो ठाऊक नाही. वारा होता, काठी हळूहळू हलत होती. खालून मालक ओरडले, 'काय रे, काय झालं? अडकलास का?'

पट्टीला धक्का न लावता मी खालून-वरून केबल कापली आणि तेवढा तुकडा खिशात टाकला. नवा जोड केला, अँटेना बसवली, काटा बसवला, उघड्या भोकांत डांबरी मलम भरलं. मग खाली आलो आणि तो तुकडा मालकांच्या हातात ठेवला. दुसऱ्या हातात नवी पट्टी घेतली, त्यांच्यासमोर दुसऱ्या एका केबलवर गुंडाळून दाखवली. म्हटलं, काका, बघा. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. दोन्ही शेजारी धरले. माणूस कडक आहे पण आंधळा नाही.

'दिवा आणि अँटेना एकाच दिवशी बसवली होती,' ते म्हणाले. 'एकाच माणसानं. हे मला तुमच्या मुकादमानंच सांगितलंय.'

'हो.'

'तुझा भाऊ डावखुरा आहे.'

मी मान डोलावली. त्यांनी तुकडा माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, 'मी तुला लपलाय म्हणालो. सगळ्यांदेखत म्हणालो, तर सगळ्यांदेखत तो शब्द परत घेतो.' आणि घेतला. उभं राहून, सुतार, वेल्डर, मिस्त्री, सगळ्यांसमोर. मी खाली मान घालून उभा. रेडिओ दोर गुंडाळत होता, त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याला कधी शंकाच नव्हती बहुतेक.

जेवताना मालक म्हणाले, 'मी परत गेलो की मुकादमाला सांगू?' मी म्हटलं, नको. ते म्हणाले, 'बरोबर. घरातलं आहे, घरातल्यानंच सांगावं.'

मी तुला आणखी एक संधी देतोय. त्यांची बोट ह्या महिन्याच्या शेवटी निघेल. त्याआधी सांग.


२० फेब्रुवारी

दादा,

तुझं काही आलं नाही. वहिनींचा फोन आला.

म्हणाल्या, 'भावोजी, पत्रं पाठवू नका. ह्यांच्या घशाखाली घास उतरत नाही.'

मी म्हटलं, 'वहिनी, एक विचारतो. तुम्हाला माहीत होतं?'

पलीकडे नुसती चिंगीची बडबड ऐकू येत होती, ती बाहुलीला रागावत होती. मग वहिनी म्हणाल्या, 'तुम्हाला वाटेत खायला मीच बांधून दिलं होतं ना.' एवढं म्हणून त्यांना रडू आलं आणि फोन ठेवला.

मी विचार करत बसलो की हे काय उत्तर झालं. मग आठवलं. वहिनींनी त्या दिवशी डबा एवढा भरला होता की झाकण लागेना. मी म्हटलं होतं, वहिनी, मी काय जन्माचा चाललोय का? त्या हसल्या नव्हत्या. म्हणजे गाडीत बसताना घरात दोघांना माहीत होतं आणि मी वेड्यासारखा खिडकीतून हात हलवत होतो. एकूण एक आठवतंय मला आता. तू माझ्या डोळ्यांकडे न बघता माझी कॉलर नीट केलीस ते पण.

मामांकडे गेला नाहीस हे मला कळलं, कारण गेला असतास तर तू तसं लिहिलं असतंस. चांगलं काम केलं की तू ते सांगितल्याशिवाय राहत नाहीस, लहानपणापासून.

रेडिओला मी विचारलं, तुला कुणी फसवलंय का रे कधी? तो दोराची टोकं विणत होता. मग म्हणाला, 'हो.' मी म्हटलं, मग काय केलंस? तो म्हणाला, 'कामाला लागलो.' आता ह्या माणसाशी काय बोलायचं.


२७ फेब्रुवारी

दादा,

बोट उद्या सकाळी निघतेय. मालकांच्या हातून दोन वस्तू पाठवतोय.

झुला तुझा आहे, तो परत घे. घासलेल्या जागी नवं कापड लावून शिवून दिलाय, बकलला तेल घातलंय. माझा नवा मी शिडाच्या कापडाचा केला. दिसायला घोंगडं शिवल्यासारखा आहे, वेल्डर त्याला पाळणा म्हणून चिडवतो, पण रेडिओनं स्वतः लटकून बघितला आणि मान हलवली.

दुसरं पाकीट आईचं आहे. ते तुझ्या हातात देणार नाहीत, तिच्याच हातात देतील. मालक म्हणालेत की पत्र वाचून होईपर्यंत बसेन, चहा घेईन. आईला अक्षर येत नाही. ती ते पाकीट तुझ्याकडेच देईल, घरात दुसरं वाचणारं आहे कोण? वहिनींना तर माझं अक्षर लागत नाही.

सावकाश वाच. तिचे डोळे आता बरे आहेत, तुझ्या तोंडाकडे बघत ऐकेल.


२७ फेब्रुवारी

ती. आईस,

शिरसाष्टांग नमस्कार.

आई, हे पत्र दादा तुला वाचून दाखवतोय. समोर पांढऱ्या बोटीचे मालक बसले असतील, त्यांना साखर कमी लागते.

मी खुशाल आहे. गुडघ्याला लागलं होतं ते बरं झालं. खोली चांगली आहे, खिडकी आहे. जेवण वेळेवर मिळतं, पण तुझ्या हातचं नाही म्हणून पोट भरतं आणि तरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. इथं दोर धरणारा माणूस चांगला आहे, तू माझी काळजी करू नकोस. केस कापलेत. पहाटे थंडी असते, तू दिलेली शाल घेतो.

तू माझ्याशी फोनवर येत नाहीस म्हणून मी रागावलेलो नाही. तुला जे सांगितलं होतं त्यावर तू वागलीस. मीही तुझ्या जागी तसाच वागलो असतो.

पाकिटात केबलचा एक तुकडा आहे. घाबरू नकोस, त्यात वीज नाही. पांढऱ्या बोटीच्या शेंड्यावरून मी तो स्वतः काढलाय. ज्या माणसानं तो जोड बांधला त्यानंच त्याच दिवशी तिथला दिवाही बसवला. आता एक काम कर. दादाला म्हण, जरा थांब. उठून स्वयंपाकघरात जा आणि चहाची किटली घेऊन ये. तिची मूठ तुटली होती तेव्हा तिच्यावर काळी पट्टी गुंडाळली होती, ती अजून आहे ना? आधी किटलीच्या मुठीवर अंगठा फिरव. मग ह्या तुकड्यावर फिरव. वेढे कुठून कुठं जातात ते बघ. शेवटचा कान बघ. तुला डोळ्यांची गरज नाही, तुझ्या बोटांना कळेल. किटली कुणी बांधली होती ते तुला आठवत असेल.

आणि ज्या दिवशी हा जोड बांधला गेला तो दिवस आठव. तो कुठला, हे तुला कुणी सांगितलं नसेल. तुझ्या डोळ्यांवर पट्टी होती. तुझ्या हातात माझं मनगट होतं. संध्याकाळी कुणाच्या तरी अंगाला रंगाचा वास आला होता.

आई, दादा आता वाचायचा थांबला असेल. त्याच्यावर ओरडू नकोस, चिंगी घाबरेल. पाणी दे त्याला. पत्र इथंच संपलंय, मी पुढं काही लिहिलेलं नाही. पुढचं त्याला ठाऊक आहे, त्याच्याकडूनच ऐक. आणि ऐकून झालं की दोघंही उठा, दार ओढून घ्या आणि मामांकडे जा. तिथं मात्र त्यालाच आधी बोलू दे.

तुझा,
धाकटा